एक ऑगस्ट आणि माझा तारखांचा नाद

शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे आलं, ते केवळ अक्षर बरं होतं म्हणून. इतिहास माझा विषय नव्हता आणि गाणं तर मुळीच नव्हतं. मी आरतीत आवाज चढवला की घरचे लोक कापूर लवकर लावतात. पण फळा भरता भरता गाण्यांच्या तारखांची एक वेगळी वही तयार झाली. निवृत्तीनंतर फळा सुटला, वही सुटली नाही. आता केजच्या आमच्या जुन्या मास्तर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी सकाळी दिनविशेष टाकतो आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. वाचतं कोण, हा वेगळा प्रश्न. त्या वहीत सगळ्यांत भरलेलं पान एक ऑगस्टचं आहे. त्या पानाबरोबर इतकी वर्षं काढल्यावर जे काही हाती लागलं, ते सांगतो.

१. एका दिवसात किती माणसं मावतात, ते मला शाळेच्या टेबलावर कळलं. एक ऑगस्टला टेबलावर दोन फोटो असतात. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती. हार दोन, नारळ एक, भाषणं सामाईक. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात टिळक गेले आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे जन्मले. पोरं पाठ केलेल्या भाषणात शेंगांच्या टरफलांवरून थेट ‘फकिरा’वर उडी मारायची आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. मी हे पान राजकारणाचं आणि साहित्याचं धरून चाललो होतो. ते गाण्याचं पान आहे, हे फार उशिरा ध्यानात आलं. टिळकांना कुणी गवई म्हणणार नाही. पण १८९३-९४ पासून गणपती चौकात आला तसे मेळे आले, मेळ्यांची पदं आली, आणि ती पदं सरकारच्या डोळ्यांत खुपू लागली. (चौकात पहिला गणपती कुणी बसवला, यावरचं भांडण पुण्याचं आहे, ते पुण्यालाच राहू द्या.) मराठी मुलखातल्या किती गायकांनी, वाजवणाऱ्यांनी, नकलाकारांनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते त्या मांडवात! पुढे ऑर्केस्ट्रा, कॅसेट, डीजे, सगळ्यांचा दहा दिवसांचा धंदा त्याच मांडवावर उभा राहिला.

२. ज्यांची शाळा दीड दिवसात सुटली, त्यांच्यावर शाळेत भाषणं घेताना आपण मास्तर लोक किती निवांत असतो! माझ्या मनात हा विचार आला तेव्हा हातात हार होता, त्यामुळे तो पुढे ढकलला. अण्णाभाऊ वाटेगावहून घरच्यांसोबत पायी मुंबईला गेले, मिळेल ती मजुरी केली, गिरणीत राबले आणि १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढलं. पोवाडा, वग, लावणी, छक्कड ही सगळी हत्यारं गावाकडचीच होती. धार मुंबईत लागली. तमाशावर बंदी आली तेव्हा त्याचं लोकनाट्य केलं आणि खेळ चालू ठेवला.

त्यांची ‘माझी मैना’ ही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली छक्कड. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावाकडची त्याची कारभारीण, असा विरह सांगता सांगता ती बेळगाव, कारवार, निपाणीकडे वळते आणि ऐकणाऱ्याला कळतं, की ही मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख आहे. मी हे वर्गात फार रंगून समजावून सांगायचो. एकदा एका मुलीनं विचारलं, “सर, ती मागं का थांबली? आमची माय तर जाती.” तिचे आई-बाप ऊसतोडीला जाणारे. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. गावात मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि लेकरं. गिरणीच्या काळातला विरह आणि आमच्या बीड जिल्ह्यातला विरह, यांत एक पिढी उलटी झाली आहे, हे त्या पोरीनं एका वाक्यात दाखवलं. मी खडू खाली ठेवला आणि तास तिथंच संपवला.

आणि अमर शेख तर आमच्या वाटेवरचे. २० ऑक्टोबर १९१६ चा जन्म, बार्शीचा. केजची माणसं कळंब, येरमाळा करत दवाखान्याला नाही तर बाजाराला बार्शी गाठतात. पण त्या गावातून असा आवाज निघाला, हे आमच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत कधी कुणी बोललं नाही. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गेले आणि बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख गेले. एक ऑगस्ट त्या वर्षी दोघांच्या मध्ये येऊन गेला.

३. तारीख ही बऱ्याचदा मास्तरांनी दिलेली वस्तू असते. माझी जन्मतारीख १ जून. माझ्या दोन्ही भावांचीही १ जून, साल तेवढं वेगळं. ज्या गुरुजींनी आम्हाला पहिलीत घातलं, त्यांनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबानं वय बसवलं आणि पुढच्या पोराकडे वळले. आमची माय मात्र सांगायची, “तू झालास तव्हा रानात हुरडा होता.” जूनमध्ये हुरडा खाल्लेला माणूस अजून मला भेटायचा आहे. तिची स्वतःची दिनदर्शिका वेगळीच होती. रझाकारीच्या आधी, रझाकारीनंतर, बहात्तरच्या दुष्काळात, किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी. अशा घरातला माणूस कोणतं गाणं कोणत्या तारखेचं यावर ग्रुपवर वाद घालतो, याची गंमत घरच्यांना माझ्याआधी कळली होती.

४. दूरचं म्हणून ज्याला आपण वहीत जागा देतो, ते आधीच आपल्या अंगणात येऊन गेलेलं असतं. हे मला पंडित रविशंकरांमुळे कळलं. १ ऑगस्ट १९७१, रविवार. पूर्व पाकिस्तानातून लाखो माणसं जीव मुठीत धरून भारतात येत होती. रविशंकरांचं घराणं तिकडचंच. त्यांनी बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला शब्द टाकला. तो त्यांचा सतारीचा शिष्यही होता आणि मित्रही. त्यानं थोड्याच आठवड्यांत बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार अशी मंडळी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जमवली. दुपारी एक आणि रात्री एक, असे दोन कार्यक्रम मिळून सुमारे चाळीस हजार माणसं आली. दूरच्या लोकांच्या संकटासाठी बड्या गाणाऱ्यांनी एका मंचावर यायचं, ही पुढे जगभर रुळलेली रीत तिथं ठळकपणे दिसली.

सुरुवात आपल्या मंडळींनी केली. रविशंकरांची सतार, अली अकबर खाँसाहेबांचा सरोद, अल्लारखाँचा तबला आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं सुरात लावून झाली तर टाळ्यांचा कडकडाट! रविशंकरांनी हसून सांगितलं, की नुसतं जुळवणं इतकं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. हे वाचून मी आधी न्यूयॉर्ककरांना हसून घेतलं. मग आमच्याकडचं आठवलं. मिरवणुकीआधी हलगी जाळावर शेकतात आणि ताणली का ते पाहायला दोन टिपऱ्या मारतात. तेवढ्यावरच आमची पोरं नाचायला लागतात. तेव्हा हसणं आवरलं.

त्या कार्यक्रमाचे सुमारे दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलर युनिसेफकडे गेले. पण नंतरच्या रेकॉर्डचा आणि चित्रपटाचा पैसा अमेरिकेच्या कर खात्यात वर्षानुवर्षं अडकला, कारण धर्मादाय म्हणून आधी नोंद केलेली नव्हती. सत्कार्याचाही अर्ज वेळेत द्यावा लागतो, हे तहसीलच्या पायरीवर बसलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे एक ऑगस्ट हा महसूल दिनही असतो, हे जाता जाता.

केजमध्ये त्या रविवारी यातलं काहीही पोचलं नाही. मी शाळकरी पोरगा होतो आणि घरचे सगळे आभाळाकडे बघत होते. पुढचं साल बहात्तरचं होतं. म्हणून मी ही नोंद ‘परदेश’ या सदरात टाकली होती. पुढे वाचता वाचता कळलं, की रविशंकर १९२० चेच, एप्रिलमधले. अण्णाभाऊंपेक्षा काही महिन्यांनी मोठे. चाळीसच्या दशकात ते मुंबईत इप्टा या डाव्या कलासंघटनेसाठी काम करत होते आणि अण्णाभाऊ, अमर शेख याच चळवळीतले. त्याच दिवसांत, १९४५ च्या सुमाराला, रविशंकरांनी इक्बालांच्या ‘सारे जहाँ से अच्छा’ला नवी चाल दिली. आज शाळाशाळांतून ऐकू येते ती हीच. म्हणजे मी पोरांना ओळीत उभं करून, पेटी धरणाऱ्या बाईंकडे बघत जी चाल म्हणून घ्यायचो, ती मॅडिसन स्क्वेअरमधल्या त्या सतारियाची होती. मी त्यांना परदेशच्या रकान्यात शोधत होतो आणि ते आमच्या परिपाठाला हजर होते. तो रकाना मी खोडला.

५. नवीन काही सुरू होतं, तेव्हा सुरू करणाऱ्यांनाही ते घरबसल्या दिसत नाही. एमटीव्हीचं अक्षरशः तसं झालं. १ ऑगस्ट १९८१ ला मध्यरात्र उलटून एक मिनिट झालं आणि अमेरिकेत ही गाण्यांची वाहिनी सुरू झाली. कचेरी न्यूयॉर्कात, पण मॅनहॅटनच्या केबलवर वाहिनी नव्हती. म्हणून ती काढणारी मंडळी नदी ओलांडून न्यू जर्सीतल्या फोर्ट ली गावात गेली आणि आपलं बाळ तिथं पाहिलं. पहिलं गाणं ‘द बगल्स’ या इंग्रज जोडीचं, १९७९ चं. चित्रफितीनं रेडिओच्या गायकाला संपवलं, असा त्याचा विषय. केजला तेव्हा रेडिओचं राज्य कुठं नुकतं बसत होतं. परभणी केंद्र लागलं की गल्ली शांत व्हायची. रेडिओ मेल्याची बातमी आमच्यापर्यंत आली तोवर कॅसेट भरून देणारी दुकानं येऊन गेली होती आणि त्याच गाळ्यांत मोबाइलची चिप भरून देणारी पोरं बसली होती. एखादा काळ जगात अमुक साली आला, असं वहीत लिहिता येतं. केजला तो कधी आला, ते दुकानदाराला विचारावं लागतं.

६. नाव विसरलं तरी पाय लक्षात राहतात. भगवानदादा, म्हणजे भगवान आबाजी पालव, यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा, अमरावतीचा. मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होते, पण १९५१ च्या ‘अलबेला’नं त्यांना घराघरांत नेलं. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. कंबर जागच्या जागी, हात अर्धे वर, आणि चेहऱ्यावर जगाची फिकीर नाही: ही त्यांच्या नाचाची चाल आमच्या वरातीत आजही दिसते. नाचणाऱ्या पोराला विचारलं तर तो कुठल्या तरी अलीकडच्या नटाचं नाव सांगतो. भगवानदादांनी बंगला पाहिला, मोटारी पाहिल्या, आणि शेवट दादरच्या चाळीत झाला, ४ फेब्रुवारी २००२ ला. मीनाकुमारीचा जन्मही १ ऑगस्टचाच, १९३३ चा, आणि तिचा ‘पाकीझा’ पडद्यावर आला तो ४ फेब्रुवारी १९७२ ला. दोन्ही तारखा दोघांच्या खात्यावर! हा शोध मी मोठ्या तोऱ्यात ग्रुपवर टाकला. गणित शिकवलेल्या आमच्या एका मित्रानं दुपारी उत्तर पाठवलं, “सर, वर्षाला दिवस तीनशे पासष्टच. माणसं ठेवायची कुठं?”

७. जयंतीला दिवस चांगला लागतो, आणि ते कुणाच्याच हातात नसतं. लोककवी वामनदादा कर्डक यांचा जन्म सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, १५ ऑगस्ट १९२२ चा. ज्या माणसाची गाणी वस्त्यावस्त्यांत तोंडपाठ आहेत, त्याचा दिवस झेंडावंदन, लाडू आणि कवायतीत झाकून जातो. एक ऑगस्टचं तसं नाही. दसरा-दिवाळीनंतर आमचा निम्मा तालुका कारखान्यांच्या वाटेला लागतो, तो उन्हाळ्यात परततो. एक ऑगस्टला कोयता घरी असतो, पेरण्या झालेल्या असतात, खुरपणीतून एक दिवस काढता येतो. मुकादमाची उचल बोलणीत असते, हातात थोडं असतं, थोडं येणार असतं. केजच्या रस्त्यावर त्या दिवशी अण्णाभाऊंच्या मिरवणुकीला जी गर्दी दिसते, ती नोव्हेंबरात जमवून दाखवावी!

त्या गर्दीपुढच्या डीजेवर माझा फार राग होता. भिंतीवरचं घड्याळ हलायचं. एकदा तो चालवणाऱ्या पोराला, माझाच विद्यार्थी, मी विचारलं, “अरे, यात अण्णाभाऊंचं काय आहे?” तो म्हणाला, “सर, दहाला साहेब बंद करायला लावत्यात. मंग वस्तीवर या.” दहा वाजता डीजे बंद झाला, मी गेलो. म्हातारी माणसं ओट्यावर बसली होती आणि त्यांच्यातला एक जण माइकशिवाय ‘माझी मैना’ची छक्कड म्हणत होता. डीजेवाला पोरगा झील धरत होता, आणि त्याला सगळे शब्द येत होते. वर्गात मी ती छक्कड समजावून सांगितली होती. म्हणायला त्याला घरात शिकवलं होतं. डीजे मला आजही आवडत नाही. पण गाणं कुणाकडे जपलेलं आहे, याबद्दल मी आता आवाज चढवून बोलत नाही.

८. आमच्याकडच्या गाण्याला इंग्रजी तारीख मानवत नाही, तिथी मानवते. आमच्या तालुक्यातल्या विड्याचं उदाहरण घ्या. धुळवडीला तिथं जावयाची गाढवावरून वाजतगाजत मिरवणूक काढतात. तो मान कधी आहे, हे पंचांग पाहून सांगतात, कॅलेंडरचा महिना पाहून नव्हे. (जावई लोक दोन्ही पाहून पळतात, ते वेगळं.) गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं ते रामनवमीला; तेव्हा १ एप्रिल १९५५ होता. आता त्याचा वाढदिवस एप्रिलच्या एक तारखेला धरायचा की रामनवमीला? माझी वही एक एप्रिल म्हणते, आमची माय रामनवमी म्हणाली असती. आणि पंचांगाचं बळ बघा: आठवड्याला एक, अशी वर्षाची बावन्न गाणी ठरली होती, त्या वर्षी अधिक महिना आला आणि गाणी छप्पन्न झाली. चार गाणी आपल्याला अधिक मासानं दिली. इंग्रजी कॅलेंडरनं एखादं वाढीव गाणं दिल्याचं माझ्या वहीत नाही.

९. सगळ्यांत मोठा गाण्याचा साठा माझ्या वहीत नाहीच, कारण त्याला तारीख नाही. जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. गाणारीचं नाव आहे, गाव आहे, ध्वनिमुद्रण आहे. पण ती ओवी पहिल्यांदा कोणत्या पहाटे, कोणाच्या तोंडून निघाली, ते कुठल्या फळ्यावर लिहिणार? एक ऑगस्टचं पान भरतं, कारण तिथं रेकॉर्ड कंपनी होती, चित्रपट होता, चळवळ होती, वर्तमानपत्र होतं. दळणाऱ्या बाईजवळ यातलं काही नव्हतं. पिठाची गिरणी गावात आली आणि जाती उंबऱ्याबाहेर गेली, तेव्हा त्या गाण्यांचं काय झालं, याचाही दिनविशेष निघाला नाही.

गेल्या वर्षी मी चुलतीपुढे फोन धरला. ती आधी लाजली, मग रागावली, “जातं नाही अन् गाणं कसं यील?” शेवटी सुपात डाळ घेऊन निवडायला बसली आणि हात हलायला लागल्यावर गायला लागली. तेव्हा एक विनंती करतो. तुमच्या घरात अशी आजी, मावशी, चुलती असेल तर येत्या एक ऑगस्टला पाऊस पडत असताना तिच्याजवळ बसा. तिच्या हाताला काही तरी काम द्या आणि मग फोन चालू करा. गाणं सुरू व्हायच्या आधी तिचं नाव, माहेरचं गाव आणि त्या दिवसाची तारीख मोठ्यानं बोलून घ्या. त्या फाइलचं नाव ‘आजी नवीन १’ असं ठेवू नका.